तेहतीसपुढची दोन शून्यं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय गोकुळराव, मुख्याध्यापिका अनिता मॅडम, व्यासपीठावरील संचालक मंडळी, माझे सहकारी, निरवांगी-वरकुट्याहून कामं टाकून आलेले पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि इतकं गोड ऐकलं की हा निरोप नक्की माझाच ना, अशी शंका आली. मनापासून आभारी आहे. पण हे स्मृतिचिन्ह हातात आल्यापासून माझा जीव जळतोय. ते न बोलता खाली बसणं मला जमायचं नाही.

सत्कार समितीतल्या मल्हारने, आपल्याच माजी विद्यार्थ्याने, विचारलं होतं, सर, नावाखाली काय कोरायचं? मी चिठ्ठीवर लिहून दिलं, ७३९३९१३३. एकतीस वर्षांच्या नोकरीत, एक साल सोडलं तर, पाचवीच्या पहिल्या तासाला मी हाच आकडा फळ्यावर लिहिला. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. उजवीकडचा एक आकडा पुसा, उरते तीही मूळ. अजून एक पुसा, तीही मूळ. एकटा सात उरेपर्यंत हेच. मात्र पुढे कोणताही आकडा जोडा, लगेच भाग जातो. या जातीतली ही सर्वांत मोठी संख्या.

आणि चिन्हावर काय आहे? ७३९३९१३३००. मल्हार म्हणाला, "सर, मला वाटलं तुमचा मोबाईल. आठच आकडं हुतं. धा तर लागत्यात, म्हणून दोन शून्यं टाकली."

हसू नका. शेवटी शून्य दिसलं की दहाने भाग जातो, हे पाचवीचं गणित. मल्हार पाचवीत होता त्याच साली मला जनगणनेला जुंपलं होतं आणि गणिताचा तास ज्याला सवड असेल तो घेत होता. त्याला काय दोष द्यायचा? चूक पकडली ती आपल्या शिपाई ठमाबाईंनी. खोकं उघडताच म्हणाल्या, "सर, ह्यो तुमचा आकडा न्हाय. तुमचा तीनावर थांबतो. म्या दरसाली पुसलाय की."

आता पुन्हा तेच. जूनपासून दहावीच्या निकालासाठी नवे शिक्षक येणार आणि पाचवीचं गणित खेळाच्या सरांकडे जाणार. पाचवीला गणिताचाच शिक्षक द्या, असे दोन वर्षं अर्ज देऊन मी थकलो, वैतागलो. गोकुळराव, या संख्येचा शेवटचा तीन काढला तर काही बिघडत नाही. तो तीन मी आहे, मला खुशाल काढा. पण पहिला सात काढून बघा. उरलेल्याला अकराने भाग जातो. तो सात आपली पाचवी आहे.

म्हणून हे चिन्ह मी घरी नेत नाही. मॅडमच्या खोलीत, गोकुळराव, तुम्ही शाळेत आलात की बसता त्या खुर्चीसमोर राहू द्या. पाचवीला गणिताचा शिक्षक येईल त्या दिवशी मी येईन, शून्यं खरवडीन आणि घेऊन जाईन.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ती दोन शून्यं तेवढी घालू नका.