बंदूक सरळ, सदरा आखूड

...नाही, पण मला सांगा, हरणासाठी शॉटगन निवडायची की लेकीसाठी स्थळ? ऑगस्टपासून आमच्या घरात दुसरा विषय नाही! नळी आतून गुळगुळीत हवी की आटे पाडलेली? आट्यांची घेतली तर काडतुसातली गोळी प्लॅस्टिकचं टोपडं घातलेली हवी, गुळगुळीत असेल तर साधं शिसं... माझं लग्न झालं जूनमध्ये. तुम्हाला सांगते, वाटलं होतं, नवरा कानात काहीतरी गोड बोलेल. बोलला की! "आटे, लाडके, आटे! गोळी भोवऱ्यासारखी फिरली तरच सरळ जाते!"

तसा दोष त्याचाही नाही हो. आमच्याकडे हरणावरचा नेम चुकला, की चुकवणाऱ्याच्या सदऱ्याचा मागचा घेर कात्रीने कापतात आणि नावासकट स्वयंपाकघरात ठोकतात. किर्बीची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दोन फडकी तिथे आहेतच, रोज सकाळी अंडी खाताना डोळ्यांसमोर! मर्ल, म्हणजे माझे सासरे, कॉफी ढवळत म्हणणार, "सूनबाई, तिसरं मिळालं ना, की खिडकीला पडदाच होईल!" आणि यंदा किर्बीच्या अंगात मी शिवलेला सदरा. लाल चौकड्यांचा. माझ्या हातचा पहिला! "हा नाही कापू देणार," किर्बी म्हणाला, "जीव गेला तरी!" आणि नवी बंदूक आली.

कशी म्हणून विचारता? आट्यांची जाड नळी, वर दुर्बीण... आता काडतुसं. तर प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी म्हणे! एकीला रुचतं ते दुसरीला पचत नाही. घ्या, इतके नखरे माझ्या सासूबाईंचे नाहीत! मग दर शनिवारी गवताच्या गठ्ठ्यावर माझी कागदी ताटली, आणि धाड! काडतुसांची एक जात डावीकडे पळते, दुसरी चौफेर विखुरते, तिसरी ताटलीला शिवतसुद्धा नाही... आणि अखेर एका जातीची तीन भोकं, बशीखाली झाकतील इतकी जवळ! नाचला हो अंगणात! "सापडली!" झालं, थांबावं की नाही माणसाने? छे! "खात्री करून घेतो." परत धाड! या बंदुकीचा धक्का म्हणजे गाईची लाथ. खांद्याचं वांगं झालं वांगं! आणि मग मला दिसायला लागलं... चाप ओढायच्या आधी याचे डोळे मिटतात. गच्च. बंदूक सरळ, गोळी सरळ, मधला माणूस तेवढा वाकडा!

नवी नवरी, काय बोलणार?

उजाडली डिसेंबरातली शिकारीची पहिली सकाळ. नारिंगी जाकिटं घालून ओढ्याकाठी आम्ही दोघं. माझ्याकडे सासऱ्यांची जुनी, गुळगुळीत नळीची, आत साधं शिसं. आणि आला नर! शिंगं म्हणजे... अशी! किर्बीसमोर आडवा उभा, जसा काही फोटो काढून घ्यायला आलाय! किर्बीने बंदूक उचलली. मी हरणाकडे कुठली बघतेय, मी त्याच्या डोळ्यांकडे... मिटले! धाड! ओकची फांदी खाली, हरीण उड्या मारत थेट माझ्याकडे, थबकलं... आणि मी, डोळे सताड उघडे ठेवून...

पडलं! जागच्या जागी!

घरी सासरे कात्री घेऊनच उभे. कचाक! माझी ती दुहेरी टीप... "सूनबाई, शिवलंस मात्र भक्कम हो, कात्री अडतेय!" किर्बीची मान खाली. मग एकदम उजळला की! "दोष बंदुकीचाच! ही काढू, दुसरी घेऊ. आणि या वेळी काडतुसं तू पारखायची! काय हात स्थिर आहे गं तुझा! दर शनिवारी! सगळ्या जाती!"

आता तरी बोलावं की नाही? त्या डोळ्यांचं सांगून टाकावं की नाही? पण सगळ्यांसमोर? अर्ध्या सदऱ्यात उभा, आणि चेहरा जत्रेतल्या पोरासारखा...

मी एवढंच विचारलं, "खांद्याला लावायचं मलम कुठे ठेवलंयस?"