दोन पट्ट्या खाली

अन् मग काय करायचं होतं मी, सांगा ना तुमी, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मांजरीवाणी केकाटायचं? न्हाई म्हंजे, पोरीचा आवाज जाड आसला तर तो काय गुन्हा हाय का... तुमाला सांगते, आमच्या परळीत थर्मल वीजकेंद्राच्या राखंनं मळलेली धुणी चालतेत, पण पोरीचा जाड आवाज चालत न्हाई.

गिटार शिकत होते मी, कॉलनीच्या क्लबात, गहिनीनाथ सरांकडं. नव्वदच्या पुढची सालं, घरोघरी केबल आलती, अन् आमच्या अप्पांनी, ईश्वरप्पा भांडेवाल्यांनी, लेकीला हौसंनं गिटार घेऊन दिलती. वाजवायला जमलं. गायला लागले की गडबड. वरच्या सुरात गेले की गळा आसा फाटायचा, की सर डोळे मिटायचे, अन् ते काय तल्लीन होऊन न्हाई. "शिवांजली, जोर लाव. गिटार याच पट्टीत लावायची असती." लावला जोर... हप्ताभर घसा बसला, आईनं हळद-दूध पाजून पाजून पिवळी केली मला. तवा इचार केला, कावून एवढा जीव काढायचा? गळा माजा हाय, तार बाजारातली हाय. उतरायचं ते तारंनं.

बसले खुंट्या पिळत. एक पट्टी उतरवली, तरी गळा चिरकतोय. लईच उतरवल्या, तर तारा इतक्या ढिल्या, की पत्र्यावाणी खडखडायला लागल्या. परत थोड्या वर आणल्या... दोन पट्ट्या खाली, बरोबर. बोटं तीच, जागा त्याच, अन् आवाज आसा भरून आला, की मीच इकडंतिकडं बघितलं, कोण गातंय म्हणून. सर म्हणले, "गिटारीचं वाटुळं करशील." आई म्हणली, "पोरीच्या जातीनं कसं नाजूक गावं." मी म्हणलं, गळा माजा हाय, तार बाजारातली हाय, उतरायचं ते तारंनं.

तर त्या दिवशी केजचे पाहुणे आले. कपड्याचं दुकान, माणसं चांगली, पोरगा वीरेश खाली मान घालून बसलेला. त्याची आई म्हणली, "गाती म्हणं पोरगी. म्हणून दाखव की." आमच्या आईनं आधीच सगळं ठरवलतं, शेजारच्या ताराबाई पेटीवर बसल्या, अन् धरली त्यांनी ती उंच पट्टी. पहिली ओळ कशीबशी गेली... दुसरीला गळा फाटला. पाहुणीनं चहाची बशी खाली ठेवली. "घसा बसलाय काय तिचा?" आई घाईघाईनं म्हणली, "हो हो, सर्दी हाय तिला."

आता हितं गप बसावं का? लग्न झाल्यावर जलमभर सर्दी कुठून आणू मी? उठले, आतून गिटार आणली, म्हणलं, "सर्दी न्हाई मला. आवाज ह्योच हाय. ऐका." अन् गायले, माज्या पट्टीत, पुरं कडवं... खरं सांगते, गळा एकदा बी न्हाई फाटला. अप्पा आधी जमिनीकडं बघत होते, मग बघते तर उपरण्यानं डोळे पुशीत होते.

पाहुणी म्हणली, "चांगलंय, पण बाप्या गातोय वाटतंय. आमच्यात कसं चालल?"

मी म्हणलं, "मावशी, गळा माजा हाय, तार बाजारातली हाय, उतरायचं ते तारंनं. गळाच दुसरा पायजे आसल, तर पोरगी बी दुसरी बघा."

आईनं कपाळाला हात लावला. पाहुणी पदर सावरून उठायलाच लागली... तेवढ्यात पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला पसंत हाय," म्हणला... अन् तुमाला सांगते, तो आवाज इतका बारीक, इतका बारीक, की मला वाटलं ताराबाईच बोलल्या.

झालं लग्न. गिटार घेऊनच केजला गेले. गाते बी रोज, माज्याच पट्टीत, सासूबाई ऐकतेत. फकस्त आता दुकानात फोन आला, अन् ह्यांनी उचलला की व्यापारी म्हणतोय, "वहिनी, शेटला द्या जरा," हे गुमान मला देतेत, मी "हॅलो" म्हणलं की तो म्हणतोय, "हां शेट, मालाचं बोला." सुरुवातीला समजावून सांगायचे मी. आता न्हाई सांगत बसत... मालाचंच बोलते.