वरच्या खोलीचं बटण

काहीच बिघाड नाही म्हणजे काय, दादा? नीट बघितलंत ना? झाकण काढून आतली ती कांडी असते ना, पाणी तापवणारी — तीही बघितलीत? अहो, पण काहीतरी असणारच. सात वर्षं झाली त्या यंत्राला. वायर कुठे ढिली असेल, नाहीतर खाली गाळ बसला असेल... गाळही नाही? बरं. बरं. बसा तुम्ही. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे या. चहा टाकते. नाही कसं, तीन मजले चढून उतरून आलात, घोटभर घ्याच.

तर नवीन बसवायचं आहे मला, त्यात काही बदल नाही. बिघाड असो, नसो. तिन्ही बिऱ्हाडांना बसवायचं, पण आधी वरच्यांना. तुम्ही मघाशी म्हणालात की एवढ्याशा न्हाणीघराला छोटंच बरं, नळ सोडला की लगेच तापवून देणारं — जागा खात नाही, टाकी नाही, काही नाही. पण दादा, थंडीत त्याची धार करंगळीएवढी येते. तरुण माणसाचं भागतं. वर म्हातारं माणूस आहे — होतं — आणि म्हाताऱ्या माणसाला बादली भरून पाणी लागतं, एकदम, नाहीतर पहिला तांब्या अंगावर घेऊन दुसऱ्याची वाट बघत कुडकुडायचं. म्हणून मला टाकीवालंच द्या. पंचवीस लिटरचं. गॅसवरचं नको, ते तुम्हीच म्हणालात, खिडकी हातभरसुद्धा नाही, आत कोंडलं तर माणूस जिवानिशी जायचा. नको बाई. असलं काही माझ्या हातून आणखी...

साखर किती? एकच ना?

आणि ते दुसरं यंत्र, भिंतीवरचं, थंडीत खोली गरम करतं नि उन्हाळ्यात गार — तेही वरच लावा. वरची खोली म्हणजे काय आहे, डोक्यावर थेट स्लॅब. उन्हाळ्यात भाकरी भाजावी अशी तापते आणि थंडीत फरशीवर पाय ठेववत नाही. आजोबा दिवसभर खिडकीशी बसायचे, पायावर घोंगडी, अंगात दोन स्वेटर. मला म्हणायचे, "काकू, तुमच्या घरात दोनच ऋतू, एक कढईतला आणि एक माठातला." मी हसायचे. मुलीनं एकदा विचारलं होतं, छोटी विजेची शेगडी आणू का म्हणून. मी नाही म्हटलं. वायरिंग जुनं आहे म्हटलं. जुनं आहेच तसं, तुम्ही बघितलंत, पण सोसलं असतं हो. मला आपलं वाटलं, एकदा हो म्हटलं की तिघांनाही हो म्हणावं लागेल.

मुलगी म्हणजे वरची भाडेकरू. चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून आम्ही तिला चष्मेवालीच म्हणतो, तिला स्वतःला चष्मा नाही बरं का. आजोबा तिचे वडील. छापखान्यात होते. फार गोड माणूस. मला लेकीसारखी वाटते ती, खोटं नाही सांगत, दोन वर्षांत एकदाही भाडं...

बटण? वरचं बटण?

अहो, ते वर नाही. तुम्ही शोधत बसलात का? सांगायचं राहूनच गेलं. ते इथे आहे, माझ्या स्वयंपाकघरात. ते बघा, डब्यांच्या फळीखाली, तीन ओळीनं. वर चिठ्ठ्या लावल्यात — वरचे, मधले, मागचे. आमच्या ह्यांनी करून घेतलं होतं तसं. ह्यांचं म्हणणं, भाडेकरूंच्या हातात बटण दिलं की दिवसभर चालू राहील, विसरतील, यंत्र जळेल. हे गेले, मग मीच बघायला लागले. आणि खरं सांगू? मला आवडायचं ते. मधल्यांना साडेपाचला लागतं, मागच्या दोघांना सातला, वरच्या मुलीला साडेसातला आणि आजोबांना दहाला. मला सगळं पाठ. एखाद्याला अवेळी हवं असेल तर त्यानं पाइपावर पळीनं दोनदा वाजवायचं — हा काय, ओट्याच्या बाजूनं वर जातो तो पाइप — टक टक. की मी इकडून बटण दाबलं. वीस मिनिटांत पाणी तयार. पाहुणे आले की मी कौतुकानं दाखवायचे. तुम्ही हसताय. हसा, हसा. 

का बंद आहे म्हणून काय विचारता? बिघडलंय म्हणून बंद आहे.

नाही, चाललं असेल हो तुम्ही वर वायर जोडून बघितल्यावर. मी म्हणते ना, तेव्हा बिघडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी. तुम्ही असं माझ्याकडे बघू नका, दादा. चहा उतू जाईल.

हे घ्या. गरम आहे, सावकाश.

त्याच्या आदल्या दिवशी काय झालं, जिन्यात सगळे उभे होतो. मागचे दोघे, मी, आणि ही कामावरून येत होती. बोलता बोलता हसत म्हणाली, "काकू, ते बटण आता आमच्याकडेच द्या ना. आम्हालाही कळतं की कधी आंघोळ करायची ते!" आणि मागचे दोघे हसले. एवढंच. त्यातला एक तर म्हणाला, "काकूंना विचारल्याशिवाय आपण घामसुद्धा गाळायचा नाही." मीही हसले. घरात आले, आणि मला जेवण गेलं नाही. वाटलं, एवढं करते मी सगळ्यांचं, पहाटे उठते, आणि ह्या लोकांना ते जाच वाटतं? हसण्यावारी नेतात मला?

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. दहाला आजोबांची वेळ. मी मटार सोलत बसले होते, इथेच, तुम्ही बसलात तिथे. दहा वाजून गेले. माझं लक्ष होतं घड्याळाकडे, विसरले नव्हते. तेवढ्यात वाजलं — टक टक. मी म्हटलं, कळतं ना तुम्हाला? मग कळू दे. थोड्या वेळानं परत वाजलं. मी शेंग हातात धरून बसले. तिसऱ्यांदा वाजवलंच नाही तिनं. मला बरं वाटलं, दादा. देवाशप्पथ सांगते, मला क्षणभर बरं वाटलं.

तिनं पातेलं चढवलं होतं. मोठं, कुकर मावेल एवढं. आजोबा न्हाणीघरात स्टुलावर बसलेले, कपडे काढून, गारठलेले, म्हणून ती घाईनं पाणी घेऊन गेली आणि उंबऱ्याला पाय अडखळला. आजोबांचा गुडघ्यापासून खाली सगळा पाय भाजला. ओरडणं ऐकलं आणि मी धावले. जिना कसा चढले मला आठवत नाही. ती नुसती म्हणत होती, "माझ्याच हातून झालं, माझ्याच हातून झालं." माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मी वाजवलं होतं हो, तुम्ही बाहेर गेला होतात का?" आणि मी म्हटलं — विचार नाही केला, तोंडातून निघूनच गेलं — मी म्हटलं, "बटण दाबलं होतं गं मी. यंत्रच बिघडलं असेल."

झालं. मग ते बिघडलेलंच ठेवावं लागलं ना. बिघडलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी चालू कसं होणार? तेव्हापासून ते बटण मी दाबलं नाही. ती रोज विचारायची, काकू, माणूस मिळाला का? मी म्हणायचे, येतो म्हणालाय. कुणाला बोलावलंच नव्हतं. कुणीही येऊन झाकण उघडलं असतं तर तुम्ही म्हणालात तेच म्हणाला असता. तीन आठवडे ती पोर पातेल्यानं पाणी नेत होती, एकेक पाऊल मोजत, निम्मंच भरून. आणि मी खाली बसून तिची पावलं ऐकत होते.

आजोबांना भेटायला गेले, तर पट्टी बांधलेला पाय उशीवर, आणि मलाच म्हणतात, "पाय शिजला, काकू, मीठ तेवढं राहिलं." मला रडू आलं तर माझी समजूत घालायला लागले. म्हणाले, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? यंत्राला काय कळतंय?"

मग तिचा मोठा भाऊ आला. दुसऱ्या गावी असतो. वाईट नाही, पण आवाज मोठा. म्हणाला, बाबांना मी नेतो, तुला जमत नाही, साधं पातेलं धरता येत नाही तुला, आणि घर तरी कसलं घेतलंयस, जिथे गरम पाणी नाही.  आणि तिलाही तेच खरं वाटतं. आजोबांना जायचं नव्हतं. सूनबाईंशी त्यांचं बोलणं नाही, सहा वर्षं झाली. ते तिथे कुणाशी बोलतील? त्यांनी मला एकदाच विचारलं, "काकू, यंत्र नीट झालं तर राहता येईल का हो?" मी म्हटलं, बघते.

म्हणून तुम्हाला बोलावलं. उशिरा बोलावलं, हो. आणि खरं तर तुमच्याकडे एक मागणं होतं. ती संध्याकाळी घरी आली की तिला एवढंच सांगा, आतली कांडी जळाली होती. दोन शब्द. तेवढ्यानं तिच्या मनावरचं...

नको. राहू द्या. तुमचा चेहराच सांगतोय. तुम्ही कशाला तुमचं इमान घालवाल माझ्यासाठी? आणि तिच्या मनावरचं जातं म्हणते, पण सुटणार तर मीच. पातेलं तिच्याच हातात होतं, हे तिला मरेपर्यंत सलणार.

असं करा, पंचवीस लिटरचं लिहून घ्या. आणि ही तिन्ही बटणं इथून काढा. वर न्या, ज्याच्या त्याच्या दाराशी. वायर लांब लागेल तर लागू दे. भिंत फोडा. ह्या फळीखाली मला काहीसुद्धा दिसायला नको. कधी येताय? उद्याच या. आणि आता निघा तुम्ही, ती यायची वेळ झाली, तुम्ही इथे दिसलात तर विचारेल. कप राहू द्या तिथेच.

काय म्हणालात?

भाऊ न्यायला यायच्या आधी तिला सांगितलं का म्हणून? ठरवलं होतं, दादा. सोमवारी संध्याकाळी वर गेले होते त्याच्यासाठीच. दाराशी उभी राहिले, आत ती त्यांचे कपडे भरत होती आणि ते तिला म्हणत होते, मफलर वर ठेव, प्रवासात लागेल. मी परत फिरले. म्हटलं, सकाळी सांगू, तो यायच्या आत. सकाळी आठला तो आला, आणि मी आजोबांची पिशवी गाडीपर्यंत नेऊन दिली.