भाईने केलेली कॉम्प्युटरची पूजा

आमच्या भाईने कॉम्प्युटर कसा मारला, ते ऐका. भाई म्हणजे लालबागचा माझा शेजारी, उभा जन्म गिरणीत लूम चालवलेला. खंडेनवमीला गिरणीत लूमची पूजा व्हायची, तशीच यंदा त्याने घरातल्या कॉम्प्युटरची केली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी चांगलं सढळ हाताने डब्यावर शिंपडलं. मग बटण दाबलं. आत चर्र झालं आणि पडदा काळा तो काळाच.

मी म्हटलं, "भाई, खोबरं पण घालायचंस रे! निदान चटणी तरी झाली असती."

तो हसला नाही. "तुझ्या वहिनीचा आवाज आहे त्यात. गणपतीत आरती म्हणताना भरलेला. दुसरीकडे कुठेच नाही."

वहिनीला जाऊन वर्ष झालं होतं.

मेकॅनिकने डबा उघडून बघितला. "काका, डिस्क जळली. आतलं काही निघणार नाही."

तो गेल्यावर भाई मला म्हणाला, "तू अख्ख्या चाळीच्या नकला करतोस ना? तिची कर."

मी कंबरेवर हात ठेवला. "भावोजी, चहा घेणार, की नुसतेच दात काढणार?"

"ह्यॅ! अशी नव्हती बोलत ती."

"मग कशी बोलायची? तू करून दाखव."

भाईने घसा खाकरला, तोंड उघडलं. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज त्याला एका वाक्यापुरताही आठवेना.