सूर्याकडं पाठ करून बघणारा मास्तर

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय श्री. तात्याराव, सेलूच्या कापूस बाजारातनं वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे श्री. बन्सीधरशेठ, शाळेचे हेडमास्तर श्री. व्यंकटराव, ज्यांच्यासाठी हा हार, ही शाल आणि हा नारळ आलाय ते आपले विज्ञानाचे मास्तर श्री. रंगनाथ सर, त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या त्यांच्या मंडळी सत्यशीलाताई, सतरंजीवर बसलेले गावकरी, आणि सतरंजी पुरली नाही म्हणून मागं भुईवर बसलेल्या माझ्या बाया-बहिणींनो,

मला इथं महिलांच्या वतीनं दोन शब्द बोलायला उभं केलंय. मी चांगुणाबाई, ग्रामपंचायतीतली बाई मेंबर. दुसरीपर्यंत शिकले म्हणून सही येते, सही येते म्हणून मला मेंबर केलं, आणि सही लागली की कागद घरी पाठवतात. बैठकीला बोलवायची तसदी अजून कुणी घेतली नाही. आज बोलावलं त्याबद्दल मेहरबानी.

हे दोन शब्दही मला हेडमास्तरांनी कालच लिहून दिले होते. 'सरांच्या जाण्याने गावात पोकळी निर्माण झाली आहे.' चूल सारवता सारवता मी ते पाठ केलं. पण इथं उभी राहिले तर ते तोंडातनं निघंना. ही पोकळी आपोआप पडली का कुणी खणली, ते त्यात लिहिलेलंच नाही.

माझ्या आधी तीन भाषणं झाली. तिन्ही चांगली. व्यंकटराव म्हणाले, रंगनाथ सरांनी या गावाला सूर्याकडं बघायला शिकवलं. हेडमास्तर, सर जिथं सूर्य दाखवायचे त्या माझ्या घराच्या माळवदावर तुम्ही एकदा तरी आला होता का? सर पहिल्या दिवसापासून एकच सांगत आले, सूर्याकडं बघू नका. लहान लेकरालाही पाठ झालं ते. तुम्ही सत्कारात उलटं सांगितलं. असू द्या. टाळ्या तर पडल्या.

बन्सीधरशेठ, मी आता जे बोलणार ते तुमच्याकडं बघून बोलते. तुम्ही पाहुणे, तुम्हाला यातलं काही मालूम नाही. बाकी सगळ्यांना मालूम आहे, म्हणून तर ते सतरंजीची वीण तपासायलेत.

गेल्या दिवाळीनंतर सर माझ्याकडं आले. त्यांची खोली माझ्याच घरात, भाड्याची. म्हणाले, चांगुणाबाई, हिवाळाभर सकाळी तुमचं माळवद वापरू का, सूर्याचा अभ्यास करायचाय. मी म्हटलं, सूर्य काय माझ्याच माळवदावरनं दिसतो का, साऱ्या गावाला दिसतो की. तर म्हणाले, शाळेवर पत्रे आहेत. ऊन चढलं की पत्रा तापतो, पत्रा तापला की वरची हवा हलते, आणि सूर्य उकळत्या पाण्यात पडल्यागत थरथरतो. तुमचं माळवद मातीचं, ते उशिरा तापतं. शेठ, मातीच्या घराला पत्र्याच्या घरापेक्षा चांगलं म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. लगेच हो म्हटलं.

आता दुर्बीण दुर्बीण म्हणतात ती काय, ते ऐका. हैदराबादच्या जुन्या बाजारातनं आणलेलं एक भिंग, पन्हाळासारखी पत्र्याची नळी, मागच्या टोकाला दुसरं बारकं भिंग, आणि खाली सुताराकडनं करून घेतलेली तिवई. नळी सूर्याकडं करायची, पण डोळा लावायचा नाही. लावला की डोळा गेला. मागच्या भिंगासमोर पांढरा कागद धरायचा. त्या कागदावर सूर्य उतरतो, बशीएवढा. बघायचं ते कागदाकडं. म्हणजे बघणारा उभा राहतो तो सूर्याकडं पाठ करून. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, शेठ. पुढं कामाला येते.

आपल्याकडची थंडी तुम्हाला काय सांगायची. दुधना नदीवरनं धुकं यायचं, भिंगावर दव धरायचं. सर कानाला मफलर गुंडाळून, माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं ते भिंग पुसत उभे राहायचे. बोटं वाकायची नाहीत. गावातली प्रतिष्ठित मंडळी त्या वेळी गोधडीत असायची. मी कुणाचं नाव घेत नाही, सगळेच मंचावर आहेत.

मी पहिल्यांदा बघितलं तर सूर्यावर काळे डाग. म्हटलं, सर, ही भाकर करपली की. ते लय हसले. म्हणाले, हे खरेच डाग आहेत, रोज थोडे थोडे सरकतात, यंदा तर लय आहेत. मी म्हटलं, कशावरनं? तुमच्या भिंगालाच घाण लागली असंल. त्यांना राग आला नाही. उलट म्हणाले, हाच प्रश्न आधी विचारायचा असतो. मग त्यांनी मागचं भिंग बोटानं फिरवलं. एक ठिपका भिंगाबरोबर फिरला. ती आपली घाण, म्हणाले. बाकीचे जागचे हलले नाहीत. ते सूर्याचे. गावातल्या बायाही हळूहळू येऊन बघून गेल्या. कुणी हात जोडले, कुणी नाक मुरडलं, पण बघितलं सगळ्यांनी.

घंटी वाजवू नका, व्यंकटराव. तुमचं भाषण लांबलं तेव्हा तिकडं घरी माझं दूध उतू गेलं असंल, मी काही बोलले का?

तर शेठ, माझ्या माळवदाच्या पूर्वेला केशरबाईचं अंगण. ही बघा, मागं खांबाला टेकून बसली ती. हिवाळ्यात आपल्याकडं न्हाणं अंगणात असतं, तुराट्यांच्या आडोशाला, अन् बाहेर तीन दगडांवर पाण्याचा हंडा. साऱ्या गावात असंच. त्या हंड्याखाली जाळ लागला की धूर अन् झळ बरोबर सूर्याच्या वाटंत यायची, आणि कागदावरचा सूर्य नाचायला लागायचा. सरांनी मला बिचाऱ्यांनी भीत भीत सांगितलं, केशरबाईंचं पाणी तापवणं कधी आटोपतं तेवढं विचारता का, त्यानंतर मी नळी लावत जाईन. मी तिच्या दारात जाऊन विचारलं. केशर म्हणाली, आगं बया, मास्तरच्या सूर्याला माझा धूर लागायलाय का. आणि दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आधीच पाणी तापवायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. एका बाईनं एका मास्तरासाठी आपला हंडा अलीकडं घेतला.

ही गोष्ट हापशावर गेली, बाया हसल्या. हापशावरनं पानाच्या टपरीवर गेली, माणसं हसली. फरक एवढाच की हापशावर ती धुराची गोष्ट होती. टपरीपर्यंत जाता जाता धूर सांडून गेला. उरलं एवढं, की मास्तर केशरबाईचं न्हाणं कधी आटोपतं ते विचारतो.

तरी तोवर ती थट्टाच होती. मग आली सव्वीस जानेवारी.

झेंडावंदन झालं आणि तात्याराव म्हणाले, चला, मास्तरची दुर्बीण बघू. तात्याराव गावकीच्या नात्यानं माझे भावजी लागतात, म्हणून मी मोकळेपणानं बोलते. औरंगाबादहून आणलेली नवी काळी लोकरी टोपी घालून भावजी माळवदावर चढले, मागनं सारी मंडळी. सरांनी कागदावर सूर्य दाखवला. भावजी म्हणाले, कागद काय बघायचाय, कागद तर आम्ही पंचायतीत रोज बघतो. आम्हाला अस्सल सूर्य दाखव. सर म्हणाले, साहेब, डोळा लावायचा नसतो. भावजी म्हणाले, लेकरांना लावायचा नसंल. आणि वाकले.

सर धावले. दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी भावजींना मागं ओढलं. वेळच नव्हता हो, विनंती अर्ज करायला. भावजी मागं आले, पण टोपी पुढं गेली आणि नळीच्या टोकाला अडकून राहिली. सगळे भावजींना सावरायला लागले, टोपीकडं कुणी बघितलं नाही. तिच्यातनं धूर निघाला. लोकर जळाल्याचा वास सुटला. काढून बघितली तर कपाळाच्या जागी भोक. खाली अंगणाअंगणात बाया उभ्या होत्या, त्या हसल्या. मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

बन्सीधरशेठ, तुम्ही व्यापारी आहात, तुम्हीच सांगा. टोपी गेली आणि डोळा राहिला, हा सौदा तोट्याचा का? त्या दिवशी सरांनी हात लावला नसता तर आजच्या सभेला अध्यक्ष हात धरून आणावे लागले असते. पण भावजींना डोळा वाचल्याचं कधी आठवलं नाही. साऱ्या गावादेखत एका मास्तरानं आपल्याला ओढलं, आणि बाया हसल्या, तेवढं राहिलं.

आठ दिवसांत एक जीप ठरली. जीपमध्ये बसून गावातली वजनदार माणसं तालुक्याला शिक्षणखात्याच्या साहेबांकडं गेली. काय सांगितलं? टोपी जळाली, असं सांगायची लाज वाटली. म्हणून सांगितलं, की हा मास्तर माळवदावरनं दुर्बीण लावून आमच्या बायांची न्हाणी बघतो. केशरबाईचं न्हाणं कधी आटोपतं हे विचारतोसुद्धा, गावाला विचारा.

साहेब चौकशीला आले. चावडीत बसले, चहा झाला, पान झालं. साक्षी झाल्या. इज्जत बायांची, आणि साक्षी सगळ्या मिशांच्या. केशरबाईला विचारलं नाही. मला विचारलं नाही, माळवद माझं असून. एका साक्षीदारानं सांगितलं, की मास्तर तासन्‌तास पूर्वेकडं नळी करून उभा असतो. अहो, सकाळचा सूर्य पूर्वेला नाही तर काय तुमच्या चावडीत उगवणार? आणि ज्याला अंगणातल्या बाया बघायच्यात तो अंगणाकडं पाठ करून, कागदात तोंड घालून उभा राहतो का?

एक गोष्ट मी कबूल करते. माझ्या माळवदावरनं केशरबाईचं अंगण दिसतं. पण त्याला दुर्बीण लागत नाही, नुसते डोळे पुरतात. आणि भावजींच्या नव्या दोन मजली गच्चीवरनं तर सारी गल्ली दिसते. ती गच्ची बांधली तेव्हा कुणी जीप केली नव्हती.

सर मला हातानं खुणावायलेत, बसा म्हणून. सर, तुम्ही बसा. तुम्ही बोलायला पाहिजे होतं तेव्हा गप बसलात, आता माझी पाळी. ज्या दिवशी बदलीचा हुकूम आला त्या दिवशी मी यांना विचारलं, तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही? तर म्हणाले, चांगुणाबाई, मी बोललो असतो तर केशरबाईंचं नाव कचेरीत पुन्हा पुन्हा निघालं असतं. एवढंच म्हणाले आणि दुर्बीण पोत्यात बांधायला लागले.

मी तशीच केशरबाईकडं गेले. म्हटलं, तुझ्या इज्जतीसाठी मास्तरची बदली झाली बाई. ती भांडी घासायली होती. हात तसेच राखेचे ठेवून म्हणाली, "माजी इज्जत माज्या घरी व्हती गं. ती जीपमदी घालून तालुक्याला कुणी नेली?"

भावजी, याचं उत्तर तुम्ही द्या. तुमच्याजवळ असंल.

गावाला सरांवर डाग दिसला. भिंग फिरवून मात्र कुणी बघितलं नाही, तो सरांचा आहे का आपल्याच काचेची घाण आहे. महिना झाला, सत्यशीलाताई दिवसा हापशावर येत नाहीत. दिवे लागल्यावर येतात, पदर कपाळापर्यंत ओढून, आणि घागर पुरती भरायच्या आधी निघतात. काय केलंय त्या बाईनं? नवऱ्याला थंडीत चहा करून दिला, दुसरं काही नाही. आणि दुपारच्या एसटीनं ही दोघं जातील तिथंही सुटका नाही. मास्तरचं सामान बदलीच्या गावी मागनं पोचतं. बदलीचं कारण आधीच पोचलेलं असतं. तिथंही कुणी खोली देताना विचारील, तुम्हीच का ते दुर्बिणीवाले?

हुकूम फिरणार नाही, मला मालूम आहे. मला तेवढी अक्कल आहे. शाल चांगली आहे, तीही घ्या सर, तुमची बदली झालीय त्या पूर्णेकडं थंडी आपल्यापेक्षा कमी नाही. पण शालीनं अंग झाकतं. कुणी केलेला आरोप झाकत नाही.

आता रिवाजाप्रमाणं शेवटी अध्यक्षांचं भाषण आहे. भावजी, सर थोर होते, गाव त्यांना विसरणार नाही, हे सगळं आधीच्या तिघांनी बोलून झालंय. तुम्ही एकच बोला. की रंगनाथ सरांनी कुणाच्या अंगणाकडं वाईट नजरेनं बघितलं नाही, आणि आम्ही तालुक्याला जाऊन खोटं सांगितलं. ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं, पाहुण्यांसमोर, या भोंग्यातनं. म्हणजे सत्यशीलाताई एसटीला जाताना मान वर करून जातील, आणि बन्सीधरशेठ सेलूला गेल्यावर चार माणसांना सांगतील. बाजारातली गोष्ट तालुक्याच्या हुकमापेक्षा लवकर पसरते.

मागच्या बाया भाकरी थापून, लेकरं सासूजवळ ठेवून आल्यात. तुमचं ऐकल्याबिगर त्या उठणार नाहीत. कुणाला मधेच निघायची घाई असंल तर सांगून ठेवते, दार त्यांच्या बाजूला आहे.

मला बोलू दिलं त्याबद्दल आयोजकांचे आभार. पाहुण्यांचे आभार, त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. सर, सत्यशीलाताई, तुमचं दुखणं मी चारचौघांत उघडं केलं, तुम्हाला वाईट वाटलं असंल तर अडाणी बाई समजून माफ करा. केशर, तूही माफ कर. भावजी, तुमच्याकडं मी माफी मागत नाही. मी बाजूला होते, तुम्ही माइकसमोर या.