विरोधी पक्षनेत्याची आजी

नाय सर, सहीचं मग बघू, आधी बसा — त्या खुर्चीवर नको, युतीचं सरकार हाय ते, कोणता पाय कव्हा सरकंल नेम नाय — हां, पलंगावर बसा. एवढ्या उन्हाचं पडेगावला आले तुम्ही, बारावीला राज्यशास्त्र शिकवणारा माणूस माझ्या दारात, लई मोठी गोष्ट! आता पुन्हा एकदा सांगा, नीट ऐकू द्या. माझ्या नातीनं, करुणानं, माफी लिहून द्यायची. काहाची? तर कॉलेजात तुम्ही अभिरूप संसद भरवली, त्यात ती विरोधी पक्षनेता व्हती, आन तिनं प्रश्न विचारला. व्हय ना? मग विरोधी पक्षनेत्यानं प्रश्न नाय विचारायचा तर काय सभागृहात रांगोळी काढायची?

माहीत हाय, माहीत हाय — तुम्ही लिहून दिलेला प्रश्न नाय विचारला. मी व्हते ना तिथं, पुढंच बसले व्हते. सारं बघितलं. सरकारचं भाषण तुम्ही लिहिलं, विरोधकांचं बी तुम्हीच लिहिलं. कोणी कव्हा चिडायचं ते लिहिलं, बाकं कव्हा वाजवायची ते लिहिलं — अशी संसद तर दिल्लीवाल्यांना बी जमली नाय अजून! करुणाच्या कागदावर काय, तर ‘नदी प्रदूषणाबाबत शासनाची भूमिका काय?’ कोण्या नदीबद्दल? तेवढं लिहायचं राहिलं तुमचं. अन् करुणा उठली, म्हणली, ‘अध्यक्ष महोदय, मुलींच्या संडासाला वर्षभर कुलूप आहे, त्याची चावी कोणाकडं आहे ते मंत्र्यांनी सांगावं.’ अन् तो मंत्री झालेला शिवम — पाठांतर पक्कं हो पोराचं — प्रश्न बदलला हे त्याच्या गावीच नाय. छाती काढून म्हणतो, ‘सदर प्रश्नाबाबत शासन अत्यंत गंभीर असून एक समिती नेमण्यात आली आहे.’ बसलंच की उत्तर! काठाला काठ जुळावा तसं बसलं. सारा हॉल हसला. तुम्ही बी हसले, मी बघितलं, रुमाल लावला तोंडाला. हसले नाय ते एकटे चेअरमन साहेब, संस्था त्यांची, कुलूप बी त्यांचंच.

आता त्यांनी तुम्हाला धाडलं. माफी दिली तर तोंडी परीक्षेचे वीस मार्क, नाय दिली तर पोरीनं बसावं बोंबलत. अन् त्या मार्कांवर तिचं पुण्याला जायचं अवलंबून, तिला वकील व्हायचं — तेबी तुम्हाला माहीत. दाखवा तो कागद. बघा, हाबी टाईप करूनच आणला! ‘मी अत्यंत दिलगीर आहे, माझ्या हातून सभागृहाची शिस्त भंग झाली’ — सर, प्रश्न तुमचे, उत्तरं तुमची, अन् आता पश्चात्ताप बी तुम्हीच करून आणला? पोरीनं फक्त नाव टाकायचं? लाजू नका, तुमच्यावर राग नाय माझा. तासिकेवरचा माणूस तुम्ही, दरसाल जूनमधी पुन्हा मुलाखत द्यायची, पुन्हा चेअरमनपुढं उभं राहायचं. मालकानं भुंक म्हणलं तर भुंकावं लागतं.

राग आला? येऊ द्या. मला काय समजले, अडाणी म्हातारी? शाळेची पायरी नाय चढले, खरं हाय, पण पोराच्या पुस्तकावर पोराच्या आधी वाचायला शिकले. आता करुणाचं राज्यशास्त्र बी आधी मी वाचते, मग तिच्या हाती पडतं. अन् तिला राज्यशास्त्र घ्यायला कोणी लावलं? मी. तिला कॉमर्सला जायचं व्हतं, हिशेबाचं येड लई. रडली, एक दिवस जेवली नाय. एका दिवसाच्या उपोषणाला कोणतं सरकार विचारतं? तिची माय, रत्नमाला, मधी पडाया लागली, म्हणलं तू भाकरी बघ. माझ्या घरात लोकशाही हाय सर, सगळ्यांचं ऐकून घेते मी, मग मी सांगते तसं व्हतं. ते आता पटलंच ना तिला? वकिलीचं बी मीच सुचवलं. अन् त्या कुलपाचा प्रश्न — आठ दिवस उभी करून घोकून घेतला तिच्याकडून, आवाज कुठं चढवायचा, ‘चावी’ म्हणताना चेअरमनकडं कसं बघायचं —

काय? व्हय, मीच लिहिला. त्यात काय एवढं? तुम्ही लिहिलं ते नाटक, मी लिहिला तो प्रश्न — फरक हाय. हाय म्हणजे काय, हाय.

ही आलीच बघा. करुणा, सांग यांना, माफी-बिफी मिळायची नाय. अशी उभी राहा, मान वर कर — माझ्याकडं काय बघती, सरांकडं बघ. बोल. … मी बोलू देईन तव्हा? अगं मग आता काय करते मी! … हां. … तुझा येगळा प्रश्न व्हता? मला नाय सांगितला कधी. … सांगितला व्हता? ‘असलं काय विचारायचं’ म्हणले मी? म्हणले असंन, सारं कुठं ध्यानात राहतं. बरं, काय व्हता? … सरांना एवढ्या वर्षांत कायम काहून केलं नाय — हा? हा विचारायचा व्हता तुला, चेअरमनच्या तोंडावर?

सर. ओ सर. पाणी प्या जरा.

रत्नमाला, तू दारातून हसू नको. करुणा, पेन काहून घेतला? सही करती का काय? … मग मागच्या बाजूला काय लिहिती? मोठ्यानं वाच. ‘शिस्तभंग केल्याबद्दल मला दुःख नाही. कुलपाचा प्रश्न माझ्या आजीचा होता, तो योग्य होता. माझा प्रश्न पुढीलप्रमाणे आहे’ — अगं पोरी, माझं नाव कशाला मधी! अन् पुढं सरांचं? तो कागद सरांनीच न्यायचा हाय तिकडं! त्यांची रोजी जाईल, तुझे मार्क जातील, जरा शहाण्यासारखं — आण इकडं, मी सांगते कसं लिहायचं ते —

… बरं. नाय सांगत.

घ्या सर, तुम्हाला देती ती. नाय घेतला तरी चालंल म्हणती, पोस्टानं धाडीन म्हणती. … घेतला? खिशात नका ठेवू, घामानं भिजंल. अन् माझ्याकडं बघू नका, मला विचारू नका, मी या घरात — जा आता. जा म्हणते ना.