बोट उचलायची जागा

नाही नाही, दाबण्यात काहीच नाही हो — दाबायला काय, मांजर पट्ट्यांवरून चालत गेलं तरी सूर वाजतो. तुम्ही छान दाबता, परीक्षेत पहिल्या आल्या असाल. मी विचारतोय, उचलता कधी? हा ऑर्गन आहे, पियानो नव्हे — पियानोचा सूर आपोआप विरतो, याचा नाही विरत. पाय भात्यावर आणि बोट पट्टीवर आहे तोवर हा वाजतच राहणार, उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. म्हणून इथलं सगळं शहाणपण उचलण्यात. कुठला सूर पुढच्याला चिकटवायचा, कुठला टिचकी मारल्यासारखा सोडायचा, दोघांमध्ये किती फट ठेवायची — बस्स, एवढंच. आणि त्या फटीत काय होतं सांगू? समोरची माणसं श्वास घेतात. खरंच! प्रार्थनेला तीस जण उभे असतात गायला, शिकलेलं कुणी नाही, पण मी बोट उचललं की तीसच्या तीस छात्या एकदम भरतात. इथून दिसतं ना आरशात — हा आरसा त्यासाठीच लावलाय, भांग पाडायला नव्हे. एकतीस वर्षं बघतोय.

बरं, नवीन आलात तर एक दाखवून ठेवतो. दुसरं गाणं काढा. त्यातली दुसरी ओळ. ही कमान छापलीय बघा, पहिल्या सुरापासून बाराव्यापर्यंत — म्हणजे अख्खी ओळ जोडून, मध्ये फट नाही. तुम्ही आत्ता तशीच वाजवलीत, अगदी रेशमासारखी. मी? मी सातव्यानंतर उचलतो. हो, दिसते मला कमान, चष्मा आहे! हो, शब्दाच्या मधोमध येतं, शब्द तुटतो, कानाला खटकतं — कार्यवाहांनी तर पत्रच दिलं, ‘आपले वादन अलीकडे तुटक झाले आहे.’ मग सभेत हळूच विचारलं, वयामुळे बोटं अडखळतात का? मी म्हटलं, हो, अडखळतात. झालं, मिटलं. म्हणून तर आजपासून तुम्ही. छे, तुमच्यावर कशाला राग? — आणि बोटं ठणठणीत आहेत माझी, हे बघा. दिसलं? मग मुद्दाम का उचलतो म्हणता... सवय हो. सवय — नाही, सवय नाही. बसा. लोक यायला पंधरा मिनिटं आहेत अजून. पण हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.

तिसऱ्या रांगेत कडेला राखाडी स्वेटर घालून उभी राहते ना — तुम्हाला कसं माहीत असणार, आज बघाल — ती आमची ही. फुप्फुसं आखडत चाललीत तिची. दोन वर्षांपूर्वी याच ओळीत तिचं तोंड मिटलं. बाकीचे गात होते आणि ही आपली चपलांकडे बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘यापुढे मी नुसती बसेन हो, मला ओळ पुरत नाही.’ जिनं भांडी घासताना, केर काढताना, माझ्याशी कडाकडा भांडून झाल्यावरसुद्धा गाणं सोडलं नाही, ती म्हणते नुसती बसेन! मी काय करणार होतो? डॉक्टर थोडाच आहे मी. मला एकच येतं. पुढच्या आठवड्यात सातव्या सुरानंतर बोट उचललं — एवढंसं. तीस जणांनी श्वास घेतला, हिनंही घेतला, आणि ओळ पुरी केली. आरशात बघितलं मी. हसली हो. फार बरं वाटलं मला त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

तिथंच थांबायचं होतं. पण मग तिसऱ्या गाण्यात उचललं, चौथ्यात उचललं, आणि ही खुलतच गेली — म्हणायला लागली, बघा, दम सुधारला माझा! शेजारणीला सांगितलं, धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं. मला पत्र आलं तर उलट हिलाच माझी दया — रोज कोमट पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवते, बुडवा बोटं म्हणते, आणि मी बुडवतो. आणि गेल्या महिन्यात... डॉक्टर घरी ऑक्सिजनचं मशीन लावा म्हणत होते, आता वेळ घालवू नका म्हणाले. हिनं परस्पर फोन करून कळवलं, ‘नको, मी आता पूर्ण ओळ गाते.’ पूर्ण ओळ! मी शेजारी बसून बटाटे सोलत होतो. सोलतच राहिलो. काय सांगणार — बाई गं, त्यातली अर्धी माझी होती?

तुम्हाला लवकर बोलावलं ते हेच मागायला, की सातव्यावर उचला. शिसपेन्सिलीनं बारीक खूणसुद्धा केलीय, ही बघा. पण आता बोलता बोलता — तुम्ही उचललंत तर ही मशीन घेणार नाही. नाही उचललंत तर आज, सगळ्यांदेखत, ओळीच्या मध्यावर कळेल तिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा ना, काय करू मी? — राहू दे. तू काय सांगणार पोरी, तुझं वय ते काय.

श्श. जिना. हीच ती, लवकर आली, पिशवी कठड्याला घासते तिची. नऊ पायऱ्या आहेत. चार... पाच... सहा. थांबली. सहावीवर नेहमी थांबते, पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करते. ते खोडरबर द्या इकडे. नको, असू दे, असू दे खूण. आरसा जरा खाली करून घ्या, तिसरी रांग दिसली पाहिजे. मी जाऊन हात देतो तिला — नको. दिला तर तिला कळेल, मी मोजतो ते. तुम्ही वाजवा. काहीही वाजवा, माझ्याकडे बघू नका.

अजून सहावीवरच आहे.